पॅरालिसिसनंतर आखडलेला हात आणि बोटॉक्स: कोणाचा अनुभव आहे का?

ओवी७

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

सासऱ्यांना (आम्ही सगळे अण्णाच म्हणतो) दीडेक वर्षापूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, बोलणंही बरंच सुधारलंय. पण हात मात्र दिवसेंदिवस जास्तच आखडत चाललाय. कोपर वाकलेलं, मनगट खाली पडलेलं, मूठ घट्ट आणि अंगठा मुठीच्या आत. नखं तळव्यात रुततात. आत घाम साठून वास येतो, कातडी पांढरी पडते. धुवायचं म्हटलं तर दोघांनी मिळून मूठ उघडावी लागते आणि अण्णा कळवळतात. सदऱ्याची बाही चढवणं हा रोज सकाळचा तंटा आहे. चालताना उजवी टाच टेकत नाही, पाऊल आत वळतं.

न्यूरोलॉजिस्टनी गेल्या भेटीत बोटॉक्सची इंजेक्शनं सुचवली. घरी आल्यापासून त्यावरच संसद भरलीय. आत्यासासूबाई म्हणतात, "ते नट्या सुरकुत्या घालवायला घेतात ते? या वयात?" धाकटे दीर कुठेतरी वाचून आले की हे जगातलं सगळ्यात जहाल विष आहे. आमचे हे खर्चाचं विचारतायत. अण्णा म्हणतात, "हात चालणार असेल तर टोचा, नाहीतर राहू द्या."

स्नायू सैल करायच्या बॅक्लोफेनच्या गोळ्या चालू आहेत, पण डोस वाढवला की दिवसभर झोपून असतात. कोणी हे इंजेक्शन घेतलंय का? हात परत चालतो का? किती टिकतं? साताऱ्याहून पुण्याला खेपा घालाव्या लागतील, म्हणून आधी नीट समजून घ्यायचंय.

जुनाखोड

माझ्या थोरल्या भावाला असंच झालं होतं. निर्गुंडीचं तेल जिरवून कडक शेक, सकाळ-संध्याकाळ. बराच मऊ पडला हात. विष टोचून घेण्याआधी हे करून बघा. खर्च काही नाही.

फिजिओताई

जुनाखोड काका, तेलाला माझी ना नाही. कातडी चांगली राहते, घरच्यांचा हात फिरतो, पेशंटला बरं वाटतं. पण कडक शेक नको. पॅरालिसिसच्या बाजूला बऱ्याचदा स्पर्श आणि उष्णता नीट कळत नाही. शेकाच्या पिशवीने भाजून फोड आलेले हात मी पाहिलेत, आणि पेशंटला पत्ताच नव्हता. जोरजोरात रगडणंही नको, त्याने हात आणखी चिडतो.

ओवी, आधी हे बघायला हवं की हात ताठरतोय की आखूड झालाय. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. मेंदूकडून स्नायूंना जो आवर असतो तो झटक्यानंतर सुटतो. मग स्नायू जरा ताणला की तो उलट आवळतो, आणि जितक्या वेगाने ताणाल तितका जास्त आवळतो. गाडीतला सीटबेल्ट हळू ओढला तर येतो, हिसका दिला की अडकतो, तसं. म्हणून आधी मनगट खाली वाकवा, मग बोटं अगदी सावकाश, एकेक करून उघडून बघा. हळू केल्यावर पूर्ण उघडत असतील तर तो ताठरपणा. कितीही हळू केलं, गाढ झोपेत केलं, तरी एका जागी येऊन घट्ट थांबतं? मग स्नायू आणि सांध्याभोवतीचे बंध आखूड झालेत. त्यावर इंजेक्शन चालत नाही. तिथे स्प्लिंट (हात-पाय सरळ धरून ठेवणारा बाहेरचा आधार), टप्प्याटप्प्याने प्लास्टर, कधी ऑपरेशन.

दीड वर्षाच्या हातात दोन्हीची भेसळ असते बहुधा. किती ताठर हे आम्ही ॲशवर्थ स्केलवर ० ते ४ असं मांडतो. तुमच्या कागदांत 'एमएएस' लिहून पुढे आकडा असेल, बघा.

ओवी७

बघितलं. कोपर २, मनगट ३, बोटं ३, घोटा २. आणि हो, रात्री झोपेत हळू उघडली तर बोटं जवळजवळ पूर्ण उघडतात! अंगठा थोडा अडतो.

पुनर्वसु

मी याच शाखेतला डॉक्टर. फिजिकल मेडिसिन म्हणतात, म्हणजे आजारानंतरच्या पुनर्वसनाची शाखा, आणि आमच्याकडे लोक सहसा सगळं करून झाल्यावर येतात. अण्णांना मी तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा. पण झोपेत बोटं उघडतात ही चांगली खूण आहे.

आधी आत्याबाईंचं. सुरकुत्या हा या औषधाचा फार उशिराचा उद्योग. सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर ॲलन स्कॉट तिरळेपणावर ऑपरेशनऐवजी काही टोचता येईल का हे शोधत होते, त्यातून हे औषध आलं. अमेरिकेत १९८९ साली त्याला पहिली परवानगी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या विकारासाठी. सुरकुत्यांसाठीची आली २००२ मध्ये. मोठ्या माणसांच्या हाताच्या ताठरपणासाठी २०१०, पायासाठी २०१६. डॉक्टर ते वापरत त्याच्या कितीतरी आधीपासून होते.

दिरांचंही खोटं नाही. विषच आहे. १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात मयताला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि काही जण दगावले. त्या प्रकरणातूनच व्हॅन एर्मेंगेम या जंतुशास्त्रज्ञांनी हे विष बनवणारा जंतू शोधून काढला. आपण टोचतो ते त्याच विषाचे नॅनोग्रॅम, आणि तेही रक्तात नाही, ठरावीक स्नायूत. नसेचं टोक ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर सोडतं, तोच स्नायूला आवळायचा हुकूम. हे औषध त्या टोकात शिरून तिथलं एक प्रथिन कापतं, त्यामुळे रसायन बाहेर पडत नाही आणि स्नायू सैलावतो. पुढे नसेला नवे फुटवे फुटतात, जुनं टोकही सावरतं, आणि असर ओसरतो.

म्हणून काळाचा हिशोब असा: टोचल्यावर लगेच काही दिसत नाही. तीन-चार दिवसांपासून आठवड्याभरात सैलपणा जाणवतो, महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, साधारण तीन महिन्यांनी उतरतो. पुन्हा घ्यायचं तर १२ आठवड्यांच्या आत नाही. घाईने वारंवार टोचलं तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करण्याची शक्यता वाढते आणि मग औषध लागूच पडत नाही.

आता अण्णांचा प्रश्न, आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच: "हात चालणार का?"

प्रामाणिक उत्तर: इंजेक्शन ताकद देत नाही. ते आवळ काढतं. आवळ काढल्यावर खाली बोटं उघडायची थोडी तरी स्वतःची हालचाल दडलेली असेल तर ती वर येते आणि व्यायामाने वाढवता येते. नसेल तर मूठ मऊ पडेल, धुता येईल, नखं कापता येतील, बाही चढेल, दुखणं कमी होईल, पण हात पेला उचलणार नाही. ब्रिटनमध्ये ३३३ पेशंटांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नेमकं हेच दिसलं: हाताच्या कामगिरीच्या मुख्य मापात इंजेक्शनवाल्यांना लक्षणीय फायदा नाही, पण ताठरपणा, दुखणं आणि हात धुणं-कपडे घालणं यांत फायदा. मला विचाराल तर हा फायदा लहान नाही. ज्याला रोज तळवा धुवायचा असतो त्यालाच तो कळतो. पण अण्णांना हे आधी सांगा. "हात चालेल" असं सांगून आणलेले पेशंट महिन्याभरात निराश होतात आणि व्यायाम सोडतात.

लेस्टरकर

पुनर्वसु, अगदी अगदी. मी स्वतः पेशंट आहे, डावी बाजू, इंग्लंडमध्ये असतो. इथे सुई लावण्याआधी डॉक्टर आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टनी मिळून मला विचारलं, "तुला याने नेमकं काय करायचंय?" मी म्हटलं, बरं व्हायचंय. ते चालत नाही म्हणाले, एक काम सांग. शेवटी कागदावर लिहिलं: डाव्या हाताने पाव दाबून धरणे, उजव्याने लोणी लावणे. दुसरं: टेबल टेनिसची बॅट. ते त्यांनी खोडलं! (इथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची याविषयी मार्गदर्शिकाच आहे, त्यात उद्दिष्ट लिहिण्यावर आणि नंतर ते तपासण्यावर फार भर आहे.)

पाव धरता येतो आता. हात वजन म्हणून ठेवतो, बोटं पसरतात, बस. बायको म्हणते की त्याहून मोठी गोष्ट ही की चालताना कोपर छातीला चिकटत नाही, त्यामुळे कोट घालताना भांडण होत नाही.

सुईबद्दल: अल्ट्रासाउंडवर बघत टोचतात. पुढच्या बाहूत स्नायू एकावर एक रचलेले असतात, बोटांचे वरचे, बोटांचे खोलवरचे, मनगटाचे. नुसतं चाचपून त्यातला हवा तोच कसा सापडणार? दुखतं, पण रक्त काढण्याच्या आसपास. अंगठ्याच्या बुंध्यातलं जास्त लागतं.

रानवारा

ओवीताई, पायाला टोचणार असतील तर दहादा विचारा. माझ्या मिस्टरांना पायाला दिलं होतं (हॉस्पिटलचं नाव घेत नाही). पाय छान मऊ पडला आणि दुसऱ्या आठवड्यात ते न्हाणीघरात गुडघ्यात मोडून पडले. फ्रॅक्चर नाही झालं, नशीब. नंतरच्या डॉक्टरांनी समजावलं की पायात ताकद नव्हतीच, ते ताठरपणावर उभे राहत होते. तोच काढून घेतला. असर उतरेपर्यंत व्हीलचेअर.

फिजिओताई

रानवारा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. उभं राहायला, पलंगावरून खुर्चीत बसायला कितीतरी पेशंट त्या ताठरपणाचाच आधार घेतात. म्हणून टोचण्याआधी चालून दाखवायला लावणं, कुठला स्नायू अडचण करतोय आणि कुठला आधार देतोय हे ठरवणं, ही अर्धी ट्रीटमेंट आहे. मांडीचा पुढचा स्नायू सैल करताना तर खूपच जपून. अण्णांची अडचण टाच न टेकण्याची आणि पाऊल आत वळण्याची आहे, म्हणजे पोटरी आणि तिच्याखालचा खोलवरचा स्नायू. तिथे बहुधा फायदा होतो, पण नंतर पायाला स्प्लिंट लागणार हे धरून चाला. आणि पहिले काही आठवडे सोबत कोणीतरी हवंच.

चौकसबुद्धी

एक शंका. आमच्या इथल्या ब्यूटी क्लिनिकमध्ये 'युनिट'वर भाव लावतात आणि तो बराच कमी दिसतो. तिथून औषध घेऊन डॉक्टरांकडून टोचून घेतलं तर?

पुनर्वसु

नको. तीन कारणं, त्यातलं पहिलंच पुरेसं आहे: युनिट प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. बोटॉक्सचं एक युनिट म्हणजे डिस्पोर्टचं (याच औषधाचा दुसरा ब्रँड) एक युनिट नव्हे. मोठ्या माणसाच्या हाताला डिस्पोर्ट ५०० ते १००० युनिट देतात, तेवढं बोटॉक्स कोणी देणार नाही. अमेरिकेच्या लेबलवर बोटॉक्सची मोठ्या माणसाची तीन महिन्यांची एकूण मर्यादा ४०० आहे. ब्रँड बदलला की सगळा हिशोब नव्याने. दुसरं, पूड सलाइनमध्ये विरघळवली की फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवायची असते. आदल्या दिवशी कोणासाठी तरी फोडलेली कुपी तुम्हाला नको. तिसरं, नकली माल.

सुरकुत्यांना लागणारा डोस किरकोळ असतो. एकट्या दंडाच्या बायसेप्सला १०० ते २०० युनिट जातात, चार ठिकाणी वाटून. म्हणूनच खर्च होतो.

पांथस्थ

खर्चावर येतो. आईसाठी हे सगळं केलंय, म्हणून सांगतो.

एक: किती कुप्या लागतील हे आधीच विचारा, तारीख ठरायच्या आधी. १०० युनिटच्या दोन कुप्या आणि तीन कुप्या यांत फार फरक पडतो. डॉक्टरांना स्पष्ट म्हणा की आमचं बजेट इतकं आहे, यात कुठले स्नायू आधी? आमच्या डॉक्टरांनी न रागावता कागदावर क्रम लावून दिला. आईचा खांदा सोडला आणि फक्त मूठ-कोपर केलं.

दोन: मेडिक्लेम. आमचा दावा पहिल्यांदा 'कॉस्मेटिक' म्हणून परत आला! डॉक्टरांचं पत्र (निदान, ॲशवर्थचा आकडा, कुठल्या स्नायूत किती युनिट) आणि कुपीवरचं स्टिकर जोडून पुन्हा पाठवला तेव्हा कुठे काही भाग मिळाला. इंजेक्शन देऊन तासाभरात घरी सोडतात, त्यामुळे तुमची पॉलिसी डे-केअरमध्ये हे धरते का ते आधी लेखी विचारा.

तीन: सरकारी पर्याय विचारा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची मोठी संस्था आहे, पन्नासच्या दशकापासूनची. साताऱ्याहून लांब पडतं, पण निदान एकदा पूर्ण तपासणी तिथे करून घेता येईल.

पुनर्वसु

पांथस्थ, क्रम लावून घेणं हे उत्तम केलंत. पैशांवरून आणखी एक पर्याय कोणी सांगत नाही: फिनॉल. ५ ते ७ टक्क्यांचं द्रावण थेट नसेजवळ टोचतात. खूप स्वस्त, असर लगेच आणि कित्येकदा महिनोन्‌महिने. मांड्या एकमेकींना चिकटत असतील किंवा कोपर घट्ट वाकलेलं असेल तर चांगलं काम करतं. पण ज्या नसेत स्पर्शाचे धागेही आहेत तिथे मागे जळजळीचं दुखणं राहू शकतं, म्हणून मनगट-बोटांसाठी टाळतात. आणि करणाऱ्याचा हात बसलेला हवा. काही ठिकाणी कोपराला फिनॉल आणि बोटांना बोटॉक्स अशी वाटणी करतात, कुप्या वाचतात.

बॅक्लोफेनबद्दल: इंजेक्शन घेतलं म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्याने आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. कमी करायच्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

जुनाखोड

बरीच नवी माहिती. शेकाचं ध्यानात ठेवतो. पण तेल मी सोडणार नाही :)

ओवी७

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

गेल्या आठवड्यात अण्णांचा हात एकदम फारच वाईट झाला, पायही थरथरायला लागला, टाच टेकवली की पाऊल आपोआप टकटक हलत राहायचं. आम्ही घाबरलो की दुसरा झटका आला. तपासणीत लघवीचं इन्फेक्शन निघालं. इंजेक्शनची तारीख ठरली होती ती पुढे ढकलली. इन्फेक्शन आणि ताठरपणा यांचा काय संबंध, हे कोणी सांगेल का? अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू आहेत, अमिकासिन.

फिजिओताई

पाऊल टकटक हलतं त्याला क्लोनस म्हणतात. ताठरपणाचाच भाग. पण दुसऱ्या झटक्याची शंका आली म्हणून दवाखान्यात नेलंत ते बरोबरच.

संबंध थेट आहे. शरीरात कुठेही खुपत-टोचत असेल तर ताठरपणा भडकतो. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, पाठीला झालेली जखम, मांसात वाढलेलं नख, घट्ट चप्पल सुद्धा. ताठरपणा अचानक वाढला की आम्ही आधी हेच शोधतो. कधीकधी नख कापून पाय निम्मा सैल होतो, इंजेक्शनची गरजच उरत नाही.

पुनर्वसु

अमिकासिनचं तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या वर्गातली औषधं (जेंटामायसिनही त्यातलंच) बोटॉक्सचा असर वाढवू शकतात. तारीख पुढे ढकलली ते योग्य झालं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. सुई बारीक असते, नंतर थोडा वेळ दाबून धरतात. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर हे औषध सहसा टाळतात. टोचल्यानंतर गिळायला त्रास, आवाज घोगरा होणं, दम लागणं असं काही दिसलं तर, अगदी काही आठवड्यांनी दिसलं तरी, फोन करत न बसता थेट इमर्जन्सीत. असं क्वचित होतं. अण्णांना झटक्यानंतर गिळताना ठसका लागायचा का? लागत असेल तर तेही आधीच सांगा.

ओवी७

लागायचा, आता नाही. सांगितलं.

इंजेक्शन झालं. मूठ, मनगट, कोपर आणि पोटरी. अण्णांशी आधी बोललो, सगळं खरं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग धुण्यापुरता तरी उघडा." डॉक्टरांच्या कागदावर आम्ही तीन कामं लिहिली: तळवा एकट्याने धुता येणं (म्हणजे मी एकटीने), बाही, आणि टाच टेकून संडासपर्यंत जाणं.

पहिले काही दिवस काहीच नाही. आत्यांनी "बघा, पाण्यात गेले पैसे" म्हणून घेतलं. मग हळूहळू मूठ ढिली व्हायला लागली. आता मी एकटी उघडून धुते. वास गेला. रात्रीचा स्प्लिंट पहिल्यांदा नीट बसला. बाहीला वेळ लागतो अजून, खांदा अडतो, त्यात दिलेलं नाही. पोटरी सैल झालीय, पण चालताना ते जास्त सावध असतात, आम्ही एकटं सोडत नाही.

आणि एक गोष्ट लिहिली नव्हती कागदावर: तर्जनी आणि मधलं बोट ते स्वतः थोडंसं उघडतात. अगदी थोडंसं. फिजिओ म्हणते रोज त्याच हालचालीवर काम करायचं.

लेस्टरकर

ती दोन बोटं सोडू नका! आत्ताचे आठवडे त्याच्यासाठीच आहेत. माझ्या थेरपिस्टने मला कपड्यांचे चिमटे आणि स्पंज दिले होते. दाबायला नाही, सोडायला. धरलेलं सोडणं हेच अवघड असतं.

चौकसबुद्धी

मग दर तीन महिन्यांनी जन्मभर?

पुनर्वसु

नाही, तसा नियम नाही. असर उतरल्यावर पुन्हा मोजायचं. स्प्लिंट आणि व्यायाम नीट झाले तर काहींना पुढचं इंजेक्शन बरंच उशिरा लागतं, काहींना कमी स्नायूंत पुरतं, काहींना लागतच नाही. काहींना मात्र वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ओवी, पुढच्या भेटीला जाताना महिन्याच्या सुमाराचा मूठ उघडतानाचा आणि चालण्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन जा. तीन महिन्यांनी हात परत आवळलेला असतो आणि मधे किती सैल झाला होता हे डॉक्टरांना दिसत नाही. पुढचा डोस त्यावरून ठरतो.

ओवी७

आजच काढते. खांद्याचंही विचारते त्या भेटीत. रानवारा ताई, तुमच्या मिस्टरांना नंतर पायाला काय केलं शेवटी?

रानवारा

निम्मा डोस, फक्त पोटरीत, आणि प्लास्टिकचा स्प्लिंट बुटात. न्हाणीघरात दोन दांडे बसवलेत भिंतीला. ते आधी बसवा, तारखेची वाट बघू नका.